मूळपेशींचा बाजार आणि कष्टकऱ्यांचा मोडलेला कणा

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. नाव बदलले, पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्यांवरून दरवर्षी ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे काही थांबली नाहीत. मुकादमाची उचल घेतलेला कोयता फडात उतरतो आणि तेव्हापासून त्याच्या अंगाची किंमत शून्य होते.

समजा, यातलाच एखादा कामगार डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना घसरला. किंवा विहीर खोदताना यारीचा दोर तुटला. किंवा गवंड्याच्या हाताखालचा मजूर परांचीवरून खाली आला. मणका मोडतो, आतला मज्जारज्जू चेंगरतो आणि कमरेखालचे शरीर क्षणात परके होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन होते, माणूस खाटेवर घरी येतो. मग काही महिन्यांनी कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो : "स्टेम सेलचे इंजेक्शन द्या, माणूस चालायला लागेल." किंमत लाखांत. घरकुलाचा हप्ता, शेळ्या, बायकोचे डोरले, सगळे विकायची तयारी सुरू होते.

हा आशेचा बाजार आहे. त्याची चिकित्सा करणे हे चळवळीचे काम आहे, कारण या बाजारात लुटला जाणारा माणूस आपल्याच वस्तीतला असतो.

प्रथम विज्ञान काय म्हणते ते पाहू. मज्जारज्जूतील तंतू तुटले की ते हाताच्या जखमेसारखे भरून येत नाहीत. तेथे वण धरतो आणि तो नव्या तंतूंची वाट अडवतो. मूळपेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी. त्या जखमेत सोडून मेलेल्या पेशींची जागा भरावी, उरलेल्या तंतूंना जगवावे, अशी ही कल्पना आहे. कल्पना खोटी नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूळपेशींचे रूप देऊन दाखवले व २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. जपानच्याच केइओ विद्यापीठाने अशा पेशींपासून केलेल्या पेशी पूर्ण लुळ्या पडलेल्या चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या. मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. एक रुग्ण आधाराशिवाय उभा राहू लागला, दुसऱ्याच्या हालचालीत सुधारणा झाली, उरलेल्या दोघांत फारसा फरक पडला नाही.

चारपैकी दोन! आणि तेही दुखापतीनंतर १४ ते २८ दिवसांच्या आत उपचार झालेले रुग्ण. या काळात काही रुग्ण आपोआपही थोडेफार सुधारतात. त्यामुळे सुधारणा पेशींमुळे झाली की निसर्गाने, हे सांगण्यासाठी अजून मोठे प्रयोग लागणार आहेत. जपान सरकारने २०१८ साली रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींच्या एका उपचाराला सशर्त परवानगी दिली, तेव्हा पुरावा केवळ १३ रुग्णांचा होता आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. अमेरिकेत जेरॉन कंपनीने २०१० साली गाजावाजा करून प्रयोग सुरू केला आणि २०११ साली पैशाचे कारण देऊन गुंडाळला. म्हणजे जगातल्या श्रीमंत प्रयोगशाळा अजून चाचपडत आहेत. मग दोन-चार वर्षांपूर्वी मणका मोडलेल्या मजुराला खात्रीने चालवण्याची हमी देणारा हा दलाल कोणते विज्ञान सांगतो?

आपला नियम याबाबत स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे मूळपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा कोणताही वापर 'उपचार' म्हणून विकता येत नाही. तो फक्त परवानगी घेतलेला, नोंदणीकृत प्रयोग असू शकतो आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. ही एकच गोष्ट वस्तीवस्तीत पोहोचली पाहिजे : पैसे मागितले की समजा, काहीतरी गडबड आहे.

कोणी म्हणेल, गरिबाच्या तोंडची आशा कशाला काढता? आशा आम्ही काढत नाही. आम्ही किंमत विचारतो. खरा प्रयोग फुकट असतो. तो सरकारी रुग्णालयात व्हावा आणि त्यात गरिबालाही न्याय्य जागा मिळावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. असा रुग्ण बहुधा दगावतो तो चालता येत नाही म्हणून नव्हे. पाठीवर पडणाऱ्या जखमा चिघळतात, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो, त्याने तो दगावतो. याला मूळपेशी लागत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणे, स्वच्छ नळी, योग्य गादी, व्हीलचेअर आणि शिकवणारा माणूस लागतो. लष्करातील जवानांसाठी खडकीला १९७४ पासून पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. ते असलेच पाहिजे. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पण जामखेडच्या मजुराने तेथवर कसे जायचे?

आणि जगायचे कशावर? १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. कारखान्यातल्या कामगाराला त्याचे छत्र मिळाले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उभा राहिला, त्याच जिल्ह्यात ऊस तोडणारा मात्र त्या छत्राबाहेर राहिला, कारण तो कारखान्याचा नाही, मुकादमाचा! शेतकरी अपघात योजना सातबारावाल्याच्या कुटुंबासाठी. ज्याचा सातबाराच नाही त्याच्या कण्याला मोल नाही. उरते संजय गांधी निराधार योजना. तिचे अनुदान दिव्यांगांसाठी २०२५ साली दरमहा १५०० वरून २५०० रुपये झाले. यात महिन्याचे औषधपाणी तरी भागते काय?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या गावात मणका मोडून पडलेले किती बांधव आहेत, याची यादी करावी. त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र व अनुदान मिळवून द्यावे आणि जिल्हा रुग्णालयात मणका-दुखापत पुनर्वसन कक्षाची मागणी लावून धरावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे, ती भीक नव्हे. आणि तिसरे, इंजेक्शनवाल्या दलालाला नोंदणी क्रमांक विचारावा व लेखी पावती मागावी.

विज्ञान उद्या मोडलेला कणा जोडेलही. तो दिवस येईपर्यंत आपला माणूस जिवंत राहिला पाहिजे आणि त्याचे घर शाबूत राहिले पाहिजे.