पसारा सगळ्यांचा, मग ताण एकटीलाच का?

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्रामवर आवराआवरीच्या रील्सचा पूर येतो. कपाट रिकामं होतं, कपड्यांचे तीन ढीग लागतात, मागे गाणं वाजतं आणि चाळीस सेकंदांत खोली चकाचक! खाली कमेंट्समध्ये बायका एकमेकींना टॅग करत असतात. पुरुषांची नावं तिथे शोधावी लागतात.

पसारा आणि ताण यांचा संबंध संशोधकांनी मोजून पाहिला, तेव्हाही उत्तर असंच एकतर्फी आलं होतं.

लाळेच्या नमुन्यात काय दिसलं?

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये 2001 ते 2005 या काळात यूसीएलए या विद्यापीठाच्या संशोधकांनी 32 मध्यमवर्गीय कुटुंबांचा अभ्यास केला. नवरा-बायको दोघंही कमावते, घरात मुलं. घराघरात जाऊन चित्रीकरण झालं, सामानाची नोंद झाली. चारातल्या तीन कुटुंबांच्या गॅरेजमध्ये इतकं सामान होतं की गाडी ठेवायला जागाच नव्हती. (आपल्याकडे गॅरेज नसतं, माळा असतो. आमच्या माळ्यावर मिक्सरची तीन भांडी आहेत. मिक्सर एकही नाही.)

याच कुटुंबांतल्या जोडप्यांना कॅमेरा देऊन 'तुमचं घर दाखवा' असं सांगितलं गेलं. घर दाखवताना कोण 'पसारा', 'हे अर्धवट राहिलंय' असे शब्द वापरतं, ते मोजलं. शिवाय काही दिवस त्यांच्या लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसोल तपासलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा याबद्दलचा शोधनिबंध 2010 साली आला. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अपुरी कामं जास्त होती, त्यांच्यात हा उतार सपाट होता. म्हणजे दिवस मावळला तरी शरीर निवांत होत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही.

अभ्यास लहान आहे, अमेरिकेतला आहे. पसाऱ्यामुळे ताण आला की ताणामुळे पसारा जास्त डोळ्यात खुपला, हेही त्यातून ठरत नाही. पण घर तेच, पसारा तोच आणि परिणाम मात्र दोघांवर वेगळा, हा मुद्दा उरतोच.

289 विरुद्ध 88

आता भारतात येऊ. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा आहे 88 मिनिटं. यात 'करणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात जेमतेम 27.

त्यामुळे सोफ्यावर पडलेला टॉवेल त्याच्यासाठी टॉवेल असतो आणि तिच्यासाठी शिल्लक राहिलेलं काम. तिला तो 'दिसतो', कारण उचलायचा तिलाच आहे. 'तुला सवयच आहे कटकट करायची' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं.

खरं ओझं ठरवण्याचं

आवराआवरीत हातांपेक्षा डोकं जास्त दमतं. हा स्वेटर कोणाला होईल? या चार्जरचा फोन कुठला? वॉरंटीचं कार्ड टाकलं तर? सासूबाईंनी दिलेला डबा काढला तर त्यांना काय वाटेल? प्रत्येक वस्तूमागे एक निर्णय, आणि तो चुकला तर बोलणी कोण खाणार हेही ठरलेलं. मग 'लागेल कधीतरी' म्हणून वस्तू परत माळ्यावर जाते.

त्यात बाहेरून येणं थांबलेलं नाही. दहा मिनिटांत डिलिव्हरी, 'फक्त दोनच शिल्लक' असा लाल मजकूर. खोटी घाई दाखवून खरेदी करायला लावणं ही फसवी पद्धत आहे, असं सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत म्हटलंय. अशा 13 पद्धती त्यात दिल्या आहेत. पण डिलिव्हरीचे पैसे वाचवायला आपणच टोपलीत टाकलेला आठवा कंगवा कुठल्या नियमात बसवणार?

बाहेर जायच्या वाटा मात्र कमी झाल्यात. पूर्वी बोहारीण दारात यायची, जुन्या साड्यांवर घासाघीस व्हायची आणि स्टीलचं पातेलं घरात यायचं. आता अनेक सोसायट्यांत तिला गेटवरच अडवतात. रद्दीवाला कागद, पुठ्ठा, लोखंड नेतो. जुनी केबल आणि बंद पडलेला माऊस नको म्हणतो. 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले आणि पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आली, पण तुमच्या ड्रॉवरपासून त्या केंद्रापर्यंत पिशवी कोण नेणार, हा प्रश्न घरातच राहतो.

मग करायचं काय?

आवराआवरीच्या जगातलं सर्वात मोठं नाव म्हणजे जपानच्या मारी कोंडो. तिसरं मूल झाल्यावर घर नीटनेटकं ठेवण्याचा अट्टाहास आपण बराचसा सोडून दिलाय, असं त्यांनीच 2023 मध्ये सांगितलं. तेव्हा रीलसारखं घर हे ध्येय सोडून दिलेलं बरं.

त्यापेक्षा काम जागेप्रमाणे वाटून पाहा. 'मदत कर' म्हटलं की यादी करणं, आठवण देणं, तपासणं तिच्याकडेच राहतं. चार्जरचा ड्रॉवर तुझा म्हणजे त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि ई-कचरा केंद्रात कधी न्यायचं, सगळं तुझं. चुकलं तरी तुझं. आणि मग त्यात इतरांनी नाक खुपसायचं नाही. ही अट पाळणं आयांना जास्त जड जातं, हा माझा अनुभव.

आमच्याकडे यंदा माळा बाबांकडे दिला. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी चार वेळा हाक मारली, "अगं, हे ठेवायचं का?" चौथ्या वेळी आईने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "तुम्ही ठरवा." मिक्सरची भांडी अजून माळ्यावरच आहेत.