फुकट उपचार घेणाऱ्याच्या जखमेची भरपाई कोण देणार?

ऑपरेशनमध्ये डॉक्टरच्या किंवा रुग्णालयाच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाला इजा झाली, तर नुकसानभरपाई मागण्याचा हक्क या देशात सगळ्यांना आहे, असं कायदा सांगतो. आमचा प्रश्न साधा आहे. जामसरच्या एखाद्या पाड्यावरच्या वारली किंवा कातकरी बाईला हा हक्क प्रत्यक्षात वापरता येतो का? आमचं उत्तर स्पष्ट आहे : येत नाही. ती अडाणी आहे म्हणून येत नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. दोष तिचा नाही. जो पैसे मोजतो त्याच्यासाठी हा रस्ता डांबरी आहे आणि जो फुकट उपचार घेतो त्याच्यासाठी पायवाटसुद्धा धड नाही, अशीच ही रचना आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. जामसरचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जव्हारचं रुग्णालय यांच्यावर आरोप करण्यासाठी हा लेख नाही. अपुऱ्या मनुष्यबळावर तिथली माणसं काम करतात, हे आम्हाला ठाऊक आहे. प्रश्न असा आहे, की उद्या कुठल्याही सरकारी ऑपरेशन टेबलवर चूक झाली तर तिची किंमत कोण मोजणार?

जव्हार-मोखाड्याकडे सरकारचं लक्ष जातं ते माणसं मेल्यावर, हा आपला जुना अनुभव. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं गेली, तेव्हा मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्या इकडे वळल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तरीही जामसरच्या माणसाला ऑपरेशनसाठी जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि तिथे झालं नाही तर नाशिक किंवा ठाणे, हीच वाट आहे. ऑपरेशन करून बाई पाड्यावर परत येते. पोट दुखायला लागलं, जखम चिघळली, तर आधी भगताकडे जाते, मग दुकानातून गोळी आणते आणि शेवटी पुन्हा रुग्णालय गाठते. भाताची कापणी उरकली की कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर जगायला बाहेर पडतात. म्हणजे ऑपरेशन एका तालुक्यात, दुखणं दुसऱ्या तालुक्यात आणि केसपेपर झोपडीच्या आढ्याला टांगलेल्या पिशवीत. त्यात घरात एकच वाक्य बोललं जातं : नशिबात होतं.

आम्ही बौद्ध आहोत. दुःखाला कारण असतं, हे आम्ही बुद्धाकडून शिकलो. पोटात विसरलेला कापसाचा बोळा हे नशीब नसतं. ते कुणीतरी न मोजल्याचा परिणाम असतो.

असा बोळा महाराष्ट्रात खरोखर विसरला गेला आहे आणि त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. औरंगाबादच्या सरकारी स्त्री रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई खोडवा बाळंतपणासाठी दाखल झाल्या. १३ जुलैला त्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप आणि वेदना थांबेनात. १९ जुलैला पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत रक्त टिपायचा टॉवेल सापडला. २४ जुलैला चंद्रिकाबाई गेल्या. त्यांचे पती अच्युतराव खोडवा यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. तेहतीस वर्षं! आईच्या मृत्यूच्या वेळी काही दिवसांचं असलेलं बाळ निकालाच्या दिवशी बत्तीस वर्षांचं असणार.

या निकालातल्या दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात. पहिली, पोटात टॉवेल सापडला की निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. ती वस्तूच साक्ष देते. दुसरी, रुग्णालय चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम नाही. त्यामुळे ‘सरकारवर दावा लागत नाही’ ही ढाल इथे चालत नाही. नोकराच्या चुकीची भरपाई सरकारला द्यावीच लागते. निकाल आपल्या बाजूचा आहे. पण असा निकाल हाती यायला तेहतीस वर्षं लढू शकेल असं कुटुंब जामसरच्या पाड्यावर कुठून आणायचं?

कुणी म्हणेल, आता ग्राहक आयोग आहेत, तिथे लवकर होतं. होय, आहेत. पण त्यांच्या दारावरची पाटी नीट वाचा. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्याच निकालात असंही ठरलं, की जे रुग्णालय सगळ्यांनाच फुकट सेवा देतं, तिथला रुग्ण ‘ग्राहक’ नाही. खाजगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याला दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात फीसुद्धा लागत नाही. सरकारी खाटेवरच्या बाईला मात्र दिवाणी न्यायालय किंवा थेट उच्च न्यायालय. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला जवळचा दरवाजा आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला लांबचा, असा हा न्याय आहे. आपल्या समाजाला वेगळे दरवाजे आणि वेगळे पाणवठे ओळखीचे आहेत. इथे पाटीवर जात लिहिलेली नाही, एवढाच फरक. सरकारी रुग्णालयाच्या फुकट खाटेवर बहुतेक वेळा कोण असतं, ते सांगायची गरज नाही.

आता जखमेच्या किमतीकडे या. अनुराधा साहा यांच्या मृत्यूच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याज सोडून सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. पतीही डॉक्टर असलेलं ते अमेरिकेतलं कुटुंब होतं. पतीने स्वतः वर्षानुवर्षं खटला लढवला. त्या लढ्याला आमचा सलाम आहे. हरियाणातल्या संतरा या मजूर स्त्रीची सरकारी रुग्णालयातली नसबंदी निष्काळजीपणामुळे फसली, तेव्हा न्यायालयांनी कायम केलेली रक्कम होती ५४,००० रुपये. तो निकाल २००० सालचा. दोन घटना एकसारख्या नाहीत, एकीकडे मृत्यू आहे आणि दुसरीकडे नको असलेलं बाळंतपण, हे आम्ही मान्य करतो. पण हिशेबाची रीत बघा. भरपाई मोजताना माणूस किती कमवत होता, हे विचारलं जातं. ज्याला आयुष्यभर कमी मजुरी दिली, त्याच्या तुटलेल्या शरीराची किंमतही मग कमीच निघते. एक अन्याय दुसऱ्या अन्यायाचा पुरावा म्हणून वापरला जातो. भात लावणारी, लाकूडफाटा आणणारी, चार पोरं वाढवणारी बाई कागदावर ‘उत्पन्न नाही’ अशीच दिसते.

पुरावा तर त्याहून अवघड. ऑपरेशनची नोंद रुग्णालयाच्या कपाटात, ती लिहिणारे रुग्णालयाचे आणि चूक होती की नाही हे सांगणारा तज्ज्ञही डॉक्टरच. जिला भूल दिलेली होती, तिनेच सिद्ध करायचं की ती बेशुद्ध असताना काय चुकलं!

म्हणून आमची मागणी अशी आहे : सरकारी रुग्णालयात किंवा सरकारी योजनेतून झालेल्या शस्त्रक्रियेत टाळता येण्यासारखी इजा झाली, तर दोष कुणाचा हे सिद्ध होण्याची वाट न बघता ठरावीक मुदतीत भरपाई मिळाली पाहिजे. डॉक्टर दोषी आहे का, याची चौकशी वेगळी चालू द्या. जखमी माणसाची भाकरी त्या चौकशीला बांधून ठेवू नका.

हे स्वप्नरंजन नाही. कारखान्यात यंत्रात हात गेला तर मालकाची चूक सिद्ध न करता कामगाराला भरपाई मिळते. तसा कायदा या देशात १९२३ पासून आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताची भरपाई दोष न शोधता मिळते आणि उपचारातून झालेली इजाही त्यात येते. लांब कशाला जायचं? आपल्याकडे नसबंदीच्या ऑपरेशनसाठी अशी योजना २००५ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात नसबंदीची शिबिरं बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा या रकमाही दुप्पट करण्यात आल्या. रुग्णालयात किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाला तर ४ लाख, आठ ते तीस दिवसांत झाला तर १ लाख, नसबंदी फसली तर ६० हजार आणि गुंतागुंतीच्या उपचाराचा खर्च ५० हजारांपर्यंत. नसबंदीला हे जमतं, तर अपेंडिक्सला, सिझेरियनला, हर्नियाला का जमू नये? उत्तर कडू आहे. नसबंदीत सरकारला आकडा हवा होता, म्हणून भरपाई आली. सिझेरियनमध्ये गरज फक्त बाईची आहे.

गैरसमज नको. आम्ही कुटुंबनियोजनाच्या विरोधात नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेच. पण बाबासाहेबांच्या विचारात स्त्रीचं शरीर हे तिचं आहे. ते कुणाच्या उद्दिष्टाच्या तक्त्यातला आकडा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया मेल्या, तेव्हा त्या आकड्याची किंमत साऱ्या देशाने पाहिली.

या चांगल्या योजनेतही एक खोच आहे. दावा घटनेपासून ९० दिवसांत करावा लागतो. हिवाळ्यात ऑपरेशन झालं आणि कुटुंब भट्टीवर गेलं, तर ते पावसाच्या तोंडावर परत येतं. मुदत भट्टीवरच संपते. ज्याने ही मुदत लिहिली त्याला स्थलांतर म्हणजे काय ते माहीत नसावं. स्थलांतरित कुटुंबासाठी ही मुदत किमान एक वर्ष हवी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपण काय करायचं? मोर्चा काढू, निवेदन देऊ, पण त्याआधी कागद धरायला शिकू.

एक, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड त्याच दिवशी मोबाईलमध्ये टिपून ठेवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची नोंद तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. सरकारी रुग्णालय असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका.

दोन, संमतीपत्रावर अंगठा घेताना काय लिहिलंय ते बाईला तिच्या बोलीत सांगितलं का, हे विचारा. २००८ च्या समीरा कोहली निकालानुसार समजावून न सांगता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

तीन, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

चार, राज्य मानवी हक्क आयोगाकडे फीशिवाय तक्रार करता येते. मुदत एक वर्षाची. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो.

पाच, खाजगी रुग्णालयात सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर बिल सरकारने भरलेलं असतं. ती सेवा फुकट नाही, हा मुद्दा १९९५ च्या निकालाच्याच आधारे ग्राहक आयोगात मांडता येतो. तो मांडाच.

सहा, आणि हे तरुणांना खास सांगणं आहे. रुग्णालयाची काच फोडू नका, डॉक्टरवर हात टाकू नका. २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे. एक दगड फेकला की जखमी बाईचा प्रश्न मागे पडतो आणि तिचाच भाऊ आरोपी होतो. शिवाय डॉक्टर हा आपला शत्रू नाही. रिकामी पदं ठेवून एका माणसावर चौघांचं काम लादणारी व्यवस्था आपल्याला जाब देणं लागते.

आणखी एक निकाल लक्षात ठेवू. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं ठरवलं. तो खटला त्याने एकट्याने लढवला नाही. त्याच्या शेतमजुरांच्या संघटनेचं नाव अर्जदार म्हणून त्या निकालावर कोरलेलं आहे. ज्या कलम ३२ खाली तो अर्ज झाला, त्याला बाबासाहेबांनी संविधान सभेत संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. कलम संविधानात आहे. ते वापरण्यासाठी सोबत उभं राहणारी संघटना मात्र आपल्यालाच उभी करावी लागते.

अशा वेळी सरकार जे देतं त्याला बहुधा ‘सानुग्रह मदत’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. आम्हाला कृपा नको. चूक सरकारच्या टेबलवर झाली, भरपाई सरकारच्या तिजोरीतून आली पाहिजे, आणि तिला नुकसानभरपाई असंच म्हटलं पाहिजे. जव्हार-मोखाड्यात काम करणाऱ्या प्रत्येक गटाने आपल्या भागात निदान दोन मुलं-मुली या कागदपत्रांच्या कामासाठी तयार करावीत. पुढच्या वेळी कुठल्या पाड्यावर ‘नशिबात होतं’ असं ऐकू आलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारावा : कागद कुठे आहेत?

जय भीम! जय संविधान!