‘पब्लिक’ म्हणजे नेमके कोण?

‘हा आम रस्ता नाही’ ही पाटी मराठी मुलखात जागोजागी दिसते. वाडी असो, वखार असो की शहरातली सोसायटी. पाटी लावणाऱ्याला अस्सल मराठीत बजावायचे असते आणि तो बजावतोही. पण ‘आम’ हा शब्द अरबी, ‘रस्ता’ फारसी. या मुलखाने ‘सर्वांचे’ आणि ‘काहींचे’ यांतला फरक सांगायला जे शब्द वापरले त्यांतले बरेचसे आपल्या घरचे आहेत. ‘आम’च्या उलट ‘खास’. बादशहाच्या किल्ल्यात दिवाण-ए-आम वेगळा आणि दिवाण-ए-खास वेगळा. त्या ‘खास’चेच मराठीत ‘खासगी’ झाले. पुढे इंग्रज आला आणि त्याच्याबरोबर ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ ही जोडी आली. आज या जोडीतल्या पहिल्या शब्दाबद्दल आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे, कारण या शब्दाच्या नावाखाली आपल्या समाजात एक मोठी फसवणूक चालली आहे आणि ती आपणच आपली करून घेत आहोत.

लॅटिन भाषेत ‘पोप्युलस’ म्हणजे लोक. त्यावरून ‘पब्लिकस’, म्हणजे लोकांचे. ‘रेस पब्लिका’ म्हणजे लोकांची बाब. त्याचेच ‘रिपब्लिक’ झाले. मराठीत आपण प्रजासत्ताक म्हणतो आणि उर्दूत जम्हूरिया. ‘प्रायव्हेट’चे मूळ पाहिले तर गंमत वाटते. ज्या लॅटिन क्रियापदावरून तो शब्द आला त्याचा अर्थ वंचित करणे, तोडून वेगळे काढणे. आज ज्या ‘प्रायव्हेट’चा आपण तोरा मिरवतो तो शब्द जन्माने वंचिताचा आहे!

मराठीने एकट्या ‘पब्लिक’साठी चार शब्द ठेवले. मालकी सांगायची तेव्हा ‘सरकारी’. वापर सांगायचा तेव्हा ‘सार्वजनिक’. उघडपणा सांगायचा तेव्हा ‘जाहीर’: जाहीर सभा, जाहीर नोटीस. आणि वाट सांगायची तेव्हा ‘आम’. या चौघांनी आपापले काम चोख केले. पण खुद्द ‘पब्लिक’ मराठीत आला तो मात्र गर्दी होऊन. ‘पब्लिक खवळलं’, ‘पब्लिकला काय अक्कल असते?’ असे आपण सहज बोलून जातो. म्हणजे पब्लिक म्हणजे दुसरे लोक; आपण त्यात नाही. सार्वजनिक संडास म्हटले की नाकाला रुमाल, सार्वजनिक नळ म्हटले की भांडण, सार्वजनिक दवाखाना म्हटले की गरिबाची रांग. आणि हाच शब्द शाळेच्या कमानीवर इंग्रजीत चढला की पालकांची छाती फुगते. एकच शब्द एका दारावर गरिबाचा आणि दुसऱ्या दारावर श्रीमंताचा कसा होतो? याचे उत्तर शब्दकोशात नाही. ते महाडच्या चवदार तळ्यावर आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. पब्लिकच्या पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात आणि त्यांच्याबरोबर पब्लिक शाळा, कचेऱ्या, दवाखानेही, असा त्याचा आशय होता. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आम्हाला तिकडेच जायचे आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षे अस्पृश्याला त्या काठावर जाण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, माणसे रक्तबंबाळ झाली. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी त्यात ओतल्या गेल्या.

पण खरी लढाई त्यानंतरची आहे आणि ती एका शब्दाची आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहाची दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे काय होते? तळे पब्लिक नाही, ते खासगी आहे. ज्या तळ्यावर गावची गुरे पाणी पीत होती ते तळे माणूस काठावर येताच एका रात्रीत खासगी झाले! हा दावा रखडत रखडत मुंबई हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पुरातन वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाण्याला कायद्याचे शिक्कामोर्तब व्हायला दहा वर्षांना तीन दिवस कमी लागले. तेव्हा ‘पब्लिक’चा अर्थ महाडने ठरवून दिला आहे. जिथे कोण येते ते पाहून पब्लिक ठरत नाही. जिथे आलेल्याला परत पाठवण्याचा हक्क कुणालाच नाही, ते पब्लिक. ज्यांना हा शब्द नाकारला गेला त्यांनीच पुढे १९५७ साली आपल्या पक्षाला ‘रिपब्लिकन’ हे नाव घेतले. हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाडचा विषय निघाला की आपले वक्ते फत्तेखानांचे नाव घेतात. डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखानांनी आपली जागा दिली. मार्चच्या हल्ल्यातही मुसलमानांच्या घरांत अनेकांना आसरा मिळाला. हे खरे आहे, अभिमानाचे आहे, आणि पोरांना शिकवण्यासारखे आहे. पण ही पावती किती वर्षे दाखवत फिरणार? त्याच तळ्याचे पाणी मुसलमान आधीपासून भरत होता. त्याला कुणी अडवत नव्हते. आपल्याला मिळते ते शेजाऱ्याला का मिळत नाही, हा प्रश्न आपल्या जमातीने एकजुटीने उठवल्याचे महाडच्या इतिहासात दिसत नाही. फत्तेखानांनी दिली ती स्वतःची, खासगी जागा. ती एका दिलदार माणसाची मदत होती. खैरात, सदका, जकात यांत आपला समाज कुणाला हार जाणार नाही. सार्वजनिक हक्कावर मात्र आपण हात ठेवत नाही. अडचण आली की आपले पहिले वाक्य ठरलेले: ‘आपलं आपण बघू.’ आपली शाळा, आपला हॉल, आपली बोअरवेल. बाबासाहेबांच्या माणसांना वेगळे तळे खोदून हवे नव्हते. त्यांना तेच तळे हवे होते. हा धडा आपण वाचलाच नाही.

आता शाळेकडे. इंग्लंडात विंचेस्टर, ईटन यांसारख्या शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणू लागले ते एका साध्या कारणाने. घरी मास्तर ठेवून शिकणे हे प्रायव्हेट. आणि कुठल्याही गावच्या मुलाला जिथे येता येईल ती शाळा पब्लिक. पुढे त्या शाळा उमराव आणि धनिकांच्या होऊन बसल्या. १८६८ साली पार्लमेंटने पब्लिक स्कूल्स अ‍ॅक्ट केला तोही अशा सातच शाळांपुरता. अर्थ मेला, पाटी राहिली. अमेरिकेत आजही पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. आपण नेमकी इंग्लंडची मेलेली पाटी उचलली. महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा या भागांत आखाताचा पैसा आला आणि त्या पैशातून शाळा निघाल्या. शाळा निघाल्या हे चांगलेच झाले. पण फी आहे, डोनेशन आहे, पालकांची मुलाखत आहे आणि कमानीवर मात्र ‘पब्लिक’!

त्याहून पुढचे सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला सांगितल्या. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालावर शंका घेतली. घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला हक्क आम्हाला मोलाचा वाटतो आणि तो हिरावण्याच्या कुठल्याही बेताला आमचा विरोध आहे. पण तो हक्क गरिबाला दाराबाहेर ठेवण्यासाठी मिळालेला नाही. कमानीवर पब्लिक आणि कपाटात सूट मिळवून देणारे प्रमाणपत्र, हे दोन्ही एकदम शोभत नाही. आपल्याच मोहल्ल्यातल्या शिंप्याचे, खाटकाचे, रिक्षावाल्याचे पोर आणि शेजारच्या बौद्धवाडीतले पोर त्या दारातून आत जाते का? जात नसेल तर ती पाटी उतरवावी, नाहीतर दार उघडावे.

आणि खरी पब्लिक शाळा कुठली? जिल्हा परिषदेची. उर्दू असो की मराठी, जिथे फी नाही, मुलाखत नाही आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही ती. बोले ठरावातली शाळा तीच. हिच्याकडे बाहेरचे लोक ‘मुसलमानांची शाळा’ म्हणून पाहतात. काहींना तर उर्दू शाळा आणि मदरसा यांतला फरकही ठाऊक नसतो. मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले शंभरात चारच्या आतबाहेर आहेत, हे सच्चर समितीने २००६ सालीच सांगून ठेवले. उर्दू माध्यमाची सरकारी शाळा ही कुणा जमातीची खासगी मालमत्ता नव्हे. ती या राज्याच्या तिजोरीतून चालते आणि त्या तिजोरीत आपलाही कर जातो. बाहेरच्यांचे सोडा, आपणही तिला ‘ज्यांना परवडत नाही त्यांची’ म्हणतो. मग पट घसरतो. पट घसरला की बंद करण्याचे फर्मान येते. २०१७ साली कमी पटाच्या शाळा बंद करून मुले दुसरीकडे हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा सर्वांत आधी हादरल्या त्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा. त्या वेळी आपल्या किती जमातींनी तोंड उघडले?

‘तिथे शिकवत नाहीत हो,’ असे पालक म्हणतील. तक्रार रास्त आहे. आम्ही शिक्षक मंडळींनी ती खाली मान घालून ऐकली पाहिजे. पण त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे सांगितले आहे. त्या बैठकीला कोण जाते? मुलाची आई सहीपुरती आणि बाप दुबईत. मशिदीच्या ट्रस्टची निवडणूक असली की गाव दुभंगते. शाळेच्या समितीला माणूस शोधावा लागतो.

मदिन्यात रूमा नावाची विहीर होती. तिचे पाणी विकत मिळे. हजरत उस्मान यांनी ती विकत घेतली आणि सर्वांसाठी मोकळी केली, ही रिवायत आपण वाजमध्ये शंभरदा ऐकतो. ती घेताना त्यांनी आपल्या नावाची पाटी लावली नाही, गरीब-श्रीमंत पाहिले नाही. वक्फचा अर्थच तो आहे. दिलेली वस्तू मग देणाऱ्याचीही राहत नाही. ज्या दीनने पाण्यात सर्व माणसांना भागीदार केले, त्याच्या अनुयायांना ‘पब्लिक’ शब्दाचा अर्थ इंग्रजांकडून शिकण्याची गरज नव्हती.

येत्या २० मार्चला महाडला पुन्हा जनसागर लोटेल. आपल्यातलेही कुणी व्यासपीठावर जातील, फत्तेखानांचे नाव घेतील, टाळ्या घेतील. जरूर घ्याव्यात. पण गावी परतल्यावर आपल्या सरकारी शाळेच्या पुढच्या बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना विचारावी आणि त्या दिवशी, शक्यतो बायकोसह, हजर राहावे. आपल्या ट्रस्टच्या शाळेत पंचवीस टक्के जागा कायदा सांगो न सांगो स्वतःहून गरिबांना द्याव्यात आणि तसा ठराव जाहीर करावा. एवढे झाले तर कमानीवरची पाटी खुशाल राहू द्यावी.