शस्त्रभंगाचा न्याय

भारतीय युद्धांत अभिमन्यूचें धनुष्य कर्णानें तोडलें. पुढें खड्ग गेलें, ढालही गेली. तेव्हां त्या कुमारानें रथाचें चाक उचललें. ही कथा ऐकतांना मुलें श्वास रोखतात तीं नेमकीं या जागीं. शस्त्र मोडलें, आतां पुढें काय ? हल्लीं घरांतील तरुण मंडळी मेजाभोवतीं बसून जो अद्भुत वीरकथांचा खेळ खेळतात, त्यांतही हा प्रश्न उठतो, आणि कधीं कधीं त्यावरून भांडणेंही होतात. म्हणून या वेळीं त्याचा विचार करूं.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका वीराची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि घाव लागला कीं हुकला हें फांसा ठरवितो.

त्याच्या २००३ सालच्या सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तींत प्रत्येक वस्तूस काठिण्य व टिकाव असे दोन अंक आहेत. मोठ्या लांकडी ढालीचें काठिण्य ५, टिकाव १५. तिच्यावर १२ चा घाव बसला तर ५ वजा जाऊन ७ उरतात, व टिकाव ८ वर येतो. हिशेब चोख आहे. परंतु लांब तरवारीचें काठिण्य १० व टिकाव अवघा ५. म्हणजे १५ चा एकच घाव तिचे तुकडे करतो. शत्रूचें उत्तम खड्ग मोडावें तर आपलीच लूट बुडते, म्हणून शहाणा खेळाडू त्या वाटेस जात नाहीं. सूत्रधारास मात्र ती अडचण नाहीं. महिनोगणती जपलेली तरवार त्यानें एका फांशांत मोडली म्हणजे मुलगा रुसतो, आणि तें रुसणें आम्हांस अगदींच अयोग्य वाटत नाहीं.

'पाथफाइंडर' नामक खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत निराळी तऱ्हा आहे. ढाल आधीं उगारलेली असली, तर तिच्यावर घाव झेलावयाचा कीं नाहीं हें तिचा धनी ठरवितो. पोलादी ढालीचें काठिण्य ५, टिकाव २०. १२ च्या घावांतील ५ ती अडविते. उरलेले ७ वीरासही लागतात व ढालीसही. टिकाव १० वर किंवा खालीं आला कीं ढाल मोडली. ती दुरुस्त करितां येते, पण शून्यावर आल्यास कायमची गेली. कांहीं मंडळी याहून सोपा घरगुती नियम पाळतात : वीरानें ढालीवर पाणी सोडावें, तिचे तुकडे व्हावेत, आणि तो घाव त्यास मुळींच लागूं नये.

आमचा कौल या दुसऱ्या तऱ्हेस आहे. हिरावून नेलेली वस्तु मुलास डंख देते. प्राण वांचविण्याकरितां आपण होऊन दिलेली वस्तु तो पुढें अभिमानानें सांगत राहतो.

शत्रूनें शस्त्र कधींच मोडूं नये असें मात्र नव्हे. मोडल्यास सूत्रधारानें हाताजवळ एखादें चाक ठेवावें : पडलेला भाला, भिंतीवरची मशाल, निदान पळून जाण्यास दार. तोच नियम त्यानें आपल्या राक्षसांसही लावावा. आणि हें सर्व फांसा हातीं घेण्यापूर्वीं सर्वांस सांगावें. डाव रंगल्यावर काढलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी ज्याची तरवार मोडते त्यास तो कपटच वाटतो.