शाळेची पाटी आणि फीचा हिशेब



या पानावरून आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. परंतु तो तुमच्या उसाच्या बिलाशी थेट जोडलेला असल्यामुळे शेतकी विभागाच्या माणसाने त्यावर चार शब्द बोलणे गैर ठरू नये. गटागटांतून फिरताना पूर्वी बांधावर एकच प्रश्न असे, "साहेब, तोड कधी येणार?" आता त्याला जोड आली आहे, "पोराला इंटरनॅशनलला घालायचं म्हणतोय साहेब, बिल कधी निघंल?"

मुलांना उत्तम शिक्षण मिळावे ही इच्छा रास्तच आहे. आमचा आक्षेप इच्छेला नाही, ती पुरी करण्याच्या घाईला आहे. जो सभासद काट्यावर वीस किलोचा फरक पडला तर गाडी तिथेच थांबवतो, तोच सभासद शाळेच्या ऑफिसात दहा हजारांची पावती न वाचता खिशात घालतो. हे आम्हांस पटत नाही.

पाटीवरचा शब्द

पहिली गोष्ट अशी की, 'इंटरनॅशनल' हा शब्द शाळेच्या नावात असला म्हणजे शिक्षण आंतरराष्ट्रीय असतेच असे नाही. अशा कित्येक शाळा सीबीएसईच्या असतात, तर काही आपल्या राज्य मंडळाच्याच असतात. त्यात वाईट काही नाही, पण मग पैसे कशाचे मोजतो आहोत ते कळले पाहिजे. खरोखर आंतरराष्ट्रीय म्हणता येतील असे अभ्यासक्रम मुख्यतः दोन. एक 'आयबी', म्हणजे १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलोरिएट संस्थेचा. दुसरा इंग्लंडच्या केंब्रिजचा, ज्याची दहावीच्या तोडीची परीक्षा 'आयजीसीएसई' या नावाने ओळखली जाते.

तालुक्याच्या गावी आणखी एक शब्द फार चालतो, तो म्हणजे 'सीबीएसई पॅटर्न'. पॅटर्न म्हणजे मान्यता नव्हे. पुस्तके त्या मंडळाची आणून शिकवायला कोणीही शिकवील, पण दहावीला मुलाचा फॉर्म कोणत्या मंडळाचा भरला जाणार हा खरा प्रश्न आहे. मंडळाशी संलग्नता आहे का, कितवीपर्यंत आहे, कोणत्या सालापर्यंत आहे, हे कागदावर पाहावे. मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी 'यू-डायस' क्रमांक असतो, तो विचारावा. बेणे घेताना आपण जात आणि बेणेमळा विचारतो, तसेच हे आहे.

जमीन पाहून बेणे

कोणता अभ्यासक्रम चांगला, असे सभासद विचारतात. आमचा उलट प्रश्न असतो, कोणत्या जमिनीत? को ८६०३२ हा वाण उताऱ्याला चांगला आहे, फुले २६५ चोपण रानातही तग धरतो. शेजाऱ्याने लावला म्हणून आपणही लावायचा, हे शहाणपण नाही. शाळेचेही तसेच.

मुलाला पुढे डॉक्टरकीच्या 'नीट' किंवा अभियांत्रिकीच्या 'जेईई' परीक्षेला बसवायचे असेल, तर त्या परीक्षांचा पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांत आहे आणि सीबीएसईच्या शाळांत तीच चालतात. राज्याच्या सीईटीला राज्य मंडळाचा अकरावी-बारावीचा अभ्यास लागतो. परदेशात पदवीसाठी पाठवायचा निश्चय आणि तेवढी ऐपत दोन्ही असतील, तर आयबी किंवा केंब्रिजला अर्थ आहे. आयबीच्या डिप्लोमाला आपल्या देशातली विद्यापीठेही मानतात, त्याबद्दल शंका नको. मात्र तिथली लेखनाची आणि प्रकल्पांची पद्धत वेगळी. मध्येच आठवी-नववीत मुलाला परत आणायचे झाले तर त्याची फार ओढाताण होते. तेव्हा बारावीपर्यंत नेण्याचे बळ असेल तरच त्या वाटेला जावे.

अंतराचा हिशेबही कोणी करीत नाही. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बस धरली, तर शाळेच्या दोनशे दिवसांत मुलाचे चारशे तास रस्त्यावर जातात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान आठशे तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे जितके शिकायचे त्याच्या निम्मा वेळ बसमध्ये. सहा वर्षांच्या लेकराला हे झेपेल का, ते आईबापांनी ठरवावे.

पावतीवरची कलमे

आता फीकडे वळू. प्रवेशाच्या वेळी सांगतात ती बहुधा नुसती शिकवणीची फी असते. त्यापुढे एकेक कलम लागत जाते. अर्जाची फी, एकदाच घेतली जाणारी प्रवेश फी, अनामत, सत्र फी, संगणक आणि खेळ, बस, जेवण, गणवेश, पुस्तके, सहल. वरच्या वर्गांत लॅपटॉप आला. आयबी आणि केंब्रिज यांच्या बोर्डाच्या परीक्षेची फी शाळेच्या फीहून वेगळी असते, ती सुरुवातीलाच विचारून घ्यावी.

परतीची ठेव आणि बिनपरतीची ठेव यांतला फरक साखर कारखान्याच्या सभासदाला शिकवायला नको. तो इथेही लावावा. अनामत परत मिळणार असेल तर कधी, किती दिवसांची सूचना दिल्यावर, आणि काय कापून, हे लेखी घ्यावे. मूल वर्षाच्या मध्येच काढावे लागले तर भरलेल्या फीचे काय होणार, हेही तेव्हाच विचारावे. 'विकास निधी' किंवा 'देणगी' म्हणून पावतीशिवाय रोख मागितले तर सरळ उठून यावे. कॅपिटेशन फी घेण्यास आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही आहे. त्याच कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईबापांची मुलाखत घेता येत नाही. "आईला इंग्रजी येत नाही म्हणून नंबर लागला नाही," असे आमच्या कानावर आले आहे. असे कारण देण्याचा अधिकार शाळेला नाही.

दहा वर्षांचे गणित

फी एका वर्षाची पाहू नये. मूल पहिलीत जाते ते दहावीपर्यंत जाणार असते. पहिलीला सगळी कलमे धरून एक लाख रुपये खर्च आहे आणि तो दरसाल सरासरी दहा टक्क्यांनी वाढतो असे धरू. दहावीच्या वर्षी तो दोन लाख छत्तीस हजारांच्या घरात जातो, आणि दहा वर्षांची बेरीज होते सुमारे पंधरा लाख चौऱ्याण्णव हजार. हे एका मुलाचे.

आता आपल्या बाजूला काय वाढते ते पाहा. २०१८-१९ च्या हंगामात एफआरपी दहा टक्के उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये ठरली. सात वर्षांत वाढ झाली २९ टक्के, आणि तीही पायाभूत उतारा वर नेऊन. त्याच सात वर्षांत दहा टक्क्यांनी वाढणारी फी ९५ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. आज फी झेपते म्हणून दहावीपर्यंत झेपेल असे समजणे धोक्याचे आहे, ते यामुळे.

आणखी सोपे करून सांगतो. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला २,७०० रुपये हातात आले असे धरले, तर एक लाखासाठी सदतीस टन ऊस लागतो. चांगल्या एकराचा सगळा ऊस तो. खत, पाणी, मशागत, मजुरी अजून त्यात धरलेलीच नाही. दोन-अडीच एकरांच्या सभासदाने हे गणित स्वतः कागदावर मांडावे, आम्ही त्याला वेगळे काही सांगायची गरज राहणार नाही.

पैसा कधी येतो, फी कधी लागते

उसाचा पैसा हंगामाने येतो, फी महिन्यांनी किंवा तिमाहीने लागते. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण तुटायला सोळा-अठरा महिने जातात, शाळा मात्र बारा महिन्यांनी नव्या वर्षाची फी मागते. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते दर हंगामी, दर कारखान्याला साधतेच असे नाही, हे सभासदांपासून लपवण्यात अर्थ नाही. मग जूनच्या आणि ऑक्टोबरच्या हप्त्याला हात पसरावे लागतात. सोसायटीचे पीककर्ज ठिबकासाठी, खतासाठी काढलेले असते, ते फीत जाते. रानाला डोस चुकतो, टनेज घटते, आणि पुढच्या वर्षीची फी आणखी जड होते. उसाची वाढ कुठे खुंटली ते पाहायला आम्ही फडात जातो, आणि कारण रानात नसून शाळेच्या पावतीत असते, असे अलीकडे पाहतो आहोत.

म्हणून आमचे मत असे की, फीसाठी पीककर्जाला हात लावू नये आणि सावकाराच्या दारात तर जाऊच नये. हंगामातल्या बिलातून वर्षाची फी वेगळ्या खात्यावर बाजूला काढता येत असेल, आणि दोन वर्षांची शिल्लक पाठीशी असेल, तरच मोठ्या फीची शाळा धरावी. शाळेला हप्त्यांच्या तारखा विचाराव्यात. जानेवारी ते एप्रिलमध्ये मोठा हप्ता घ्या, असे म्हणायला लाज कसली?

सभासद आहात, तसे पालक व्हा

फीच्या बाबतीत शाळेचा शब्द अखेरचा नसतो. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. त्याची कार्यकारी समिती असते, तिच्यात पालक असतात, आणि व्यवस्थापनाने पुढच्या वर्षीची प्रस्तावित फी सहा महिने आधी त्या समितीपुढे ठेवायची असते. एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे टिकते. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि फीविरुद्ध विभागीय समितीकडे जायला निदान पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात, असे ठरले. म्हणजे इथेही एकट्याचे काम नाही, संघटनेचेच आहे.

वार्षिक सभेत अहवालाचे पान उघडून "हा खर्च कशावर?" असे विचारणारे सभासद आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा आम्हांस कधी कधी ताप होतो, पण कारखाना त्यांच्यामुळेच नीट चालतो. तोच बाणा पालकसभेत दिसला पाहिजे. तिथे मात्र "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून मागच्या बाकावर बसायचे, हे सहकारात वाढलेल्या माणसाला शोभत नाही. फीचे कलम इंग्रजीत असले तरी रुपये तुमचेच असतात. याच कायद्यासारखा दुसरा २०२० चा कायदा आहे. त्याप्रमाणे कोणत्याही मंडळाच्या शाळेत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. ती नीट शिकवतात का, हेही विचारा.

ज्यांची ऐपत कमी आहे त्यांनी शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांची चौकशी करावी. विनाअनुदानित खाजगी शाळांत, अल्पसंख्याक संस्था सोडून, दुर्बल आणि वंचित घटकांसाठी त्या राखीव असतात, आणि आठवीपर्यंत शिक्षण मोफत असते.

लेकीचे काय?

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे, पण बोलल्यावाचून राहवत नाही. बांधावर आम्हांला विचारतात ते "पोराला" घालायचे म्हणून. त्याच घरातली मुलगी गावच्या शाळेत चालत जाते. दोघांची फी झेपत नाही, म्हणून एकाला पिवळी बस आणि दुसरीला पायवाट. गावची शाळा वाईट असे आम्ही म्हणत नाही. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा २०२५ साली जागतिक पातळीवरच्या एका सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या दहांत आली होती. शाळा चांगली असेल तर दोघांना तिथे घाला. चांगली नसेल तर तिच्यात एकट्या मुलीनेच का शिकावे? दोघांना झेपेल अशी मधली शाळा निवडणे, हे एकासाठी मोठी पाटी घेण्यापेक्षा केव्हाही बरे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्याचे पोर पैशावाचून अडू नये म्हणून. पुढे कितीतरी कारखान्यांच्या सभासदांनी टनामागे कपात सोसून शाळा-कॉलेजे उभी केली. त्या शाळांच्या छपराची आणि शिक्षकांची चौकशी आपण शेवटची कधी केली? लाखाची फी भरणाऱ्या दहा सभासदांनी त्यातला दहावा हिस्सा आणि महिन्यातला एक दिवस गावच्या शाळेला दिला, तर काय होईल याचाही विचार व्हावा.

नवीन लागणीची नोंद देताना गट ऑफिसला याल, तेव्हा शाळेचे माहितीपत्रक आणि फीचा तक्ता खुशाल बरोबर आणा. शेतकी मदतनिसांसह आम्ही बसून टनांत हिशेब मांडून देऊ. निर्णय अर्थातच तुमचा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग