‘ळ’ला त्याची जागा द्या!

मंडळी, आपल्या मंडळांत सॉफ्टवेअरवाल्यांना तोटा नाही. तरीही सभासदांची देवनागरी यादी वेबसाइटवर चढली की काळे पहिले आणि कावळे, काशीकर, कासार त्यांच्या मागे! रविवारच्या मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. तो घडाघडा म्हणेल, य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. म्हणजे काळे कासारांच्या नंतर यायला हवेत. हे दाखवून दिले की उत्तर ठरलेले : “अहो, सॉर्ट केलंय की! कॉम्प्युटर चुकतो होय?”

कॉम्प्युटर चुकत नाही. त्याला मराठी कोणी सांगितलेलेच नसते. जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरेला नुसते ‘सॉर्ट’ म्हटले की ती प्रत्येक नोंद मजकूर समजते आणि अक्षरांचे युनिकोड क्रमांक पाहून रांग लावते. आकड्यांचीही तीच गत. ९, २५ आणि १०० डॉलरच्या देणग्या दिल्या तर १००, २५, ९ अशी यादी मिळते, कारण एक हा अंक दोनाच्या आधी! ही चूक मात्र खजिनदार खपवून घेत नाहीत, ती त्याच दिवशी दुरुस्त होते. पैशाचा क्रम चुकला तर धावपळ आणि भाषेचा चुकला तर “चालतंय हो”, हा कुठला न्याय?

युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावर बेतलेला आहे. भारतीय लिपींसाठी एकच साचा ठरवताना ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवले गेले. ‘ॲ’ तर २००८ मध्ये आला, म्हणून त्याचा क्रमांक सगळ्या व्यंजनांच्या पुढचा. नावाआधी ‘ॲड.’ लिहिणारे वकीलसाहेब थेट ‘ह’च्याही खाली जातात! तक्ता म्हणजे अक्षरांचे पत्ते. त्याला वर्णमाला समजणे ही आपली चूक.

यावर उपायही जुनाच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये जावास्क्रिप्टसाठी भाषावार क्रमाचे प्रमाण आले. सॉर्टला ‘इंटल कोलेटर’ची तुलना द्यायची आणि त्याला मराठीचा संकेत सांगायचा, झाले! एका ओळीचे काम. स्वीडिश भाषेत झेडनंतर आणखी तीन अक्षरे येतात. त्यांतल्या दोन अक्षरांना जर्मन लोक ‘ए’ आणि ‘ओ’च्या शेजारी ठेवतात. दोघांनाही आपापला क्रम मिळतो, कारण ते तो मागतात.

कोणी म्हणतील, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे लावावेत यावर कोशकारांचेच एकमत नाही. नसेना! तो वाद आपण मराठीत घालू. त्याचा निकाल यंत्राच्या आळसावर कशाला सोडायचा? आणखी कोणी सुचवतील, नावे रोमनमध्येच लिहा, प्रश्नच मिटला. हो, मिटेल. मग मराठी शाळाही बंद करू या, तेवढेच हॉलचे भाडे वाचेल!

परदेशात आपल्या मुलांना मराठी अक्षरे दिसतात ती दोनच ठिकाणी, घरात आणि मंडळात. शाळेत एक वर्णमाला आणि मंडळाच्या यादीत दुसरी, असे दिसले तर मुले यादीवरच विश्वास ठेवतील, कारण ती स्क्रीनवर आहे.

तेव्हा वेबसाइट समितीला एकच विनंती : पुढची यादी लावताना ती एक ओळ घाला आणि प्रसिद्ध करण्याआधी यादी एकदा डोळ्यांखालून घाला. काळे कुटुंबीय शेवटी गेले म्हणून मुळीच रागावणार नाहीत.