त्यांच्या दाताला सिमेंट, आमच्या दाताला पक्कड!



सोमेश्वरनगरला गाळप सुरू झाले की नीरेच्या काठाने मळीचा आणि रसाचा वास पसरतो. वाघळवाडी, करंजेपूल, वाणेवाडीच्या रस्त्याने बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून आलेली माणसे कोप्या टाकून राहतात. गेल्या हंगामात आम्ही तीन-चार कार्यकर्ते शाळेबाहेरच्या मुलांची यादी करायला या कोप्यांवर फिरत होतो. पस्तिशीची एक ताई बोलताना सारखा तोंडावर पदर धरत होती. हसली तेव्हा दिसले, दोन्ही बाजूंच्या दाढा नाहीत. विचारले, "ताई, दाढा कुणी काढल्या?"

"डॉक्टरनं. लई ठणकत हुत्या."

"भरून घ्यायच्या की. दात वाचला असता."

ती म्हणाली, "भरायला तीन खेपा घालाव्या लागत्यात, काढायला एकच. तीन खाडे कोण भरणार, दादा?"

दंतवैद्यकाच्या जाड पुस्तकात नसलेली गोष्ट या बाईने दोन वाक्यांत सांगितली. आज त्याच वाक्यांवर बोलायचे आहे.

दात किडला तर त्यावर दोन प्रकारचे उपचार आहेत. पहिला दात वाचवण्याचा. कीड कोरून काढायची, सिमेंट भरायचे, कीड खोल गेली असेल तर रूट कॅनॉल करायचे, वर कॅप बसवायची. दुसरा उपचार म्हणजे सुई टोचायची आणि पक्कड लावायची. वाचवायला पैसे लागतात, आणि त्याहून जास्त लागतो वेळ. नोकरदार माणूस अर्धा दिवस रजा टाकून दवाखान्यात जातो. कोयत्यावरच्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा धरला जातो आणि रक्कम कापली जाते. म्हणजे डॉक्टरची फी एकदा आणि खाड्याचा दंड तीनदा. असा हिशोब असताना ती बाई दाढ काढते, हा तिचा अडाणीपणा नाही. तिचा हिशोब बरोबर आहे. चूक आहे ती तिच्यापुढे हा हिशोब मांडणाऱ्या व्यवस्थेची.

हे फक्त दाताचे असते तर गोष्ट वेगळी होती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. तिथेही कारणांत खाडा होता, पाळीच्या दिवसांतले काम होते, आणि "काढून टाका म्हणजे कटकट मिटेल" असे सांगणारे डॉक्टर होते. कष्टकऱ्याचा अवयव दुखला की दुरुस्तीचा खर्च कुणाला परवडत नाही, म्हणून तो काढायचा. दाढ असो की गर्भाशय, आमच्या शरीराबद्दलचे धोरण एकच आहे. काम करता येईल एवढे शिल्लक ठेवा, बाकीचे काढा.

आता आहाराकडे या. ऊसतोडीला पहाटे तीन-चारला उठावे लागते. भाकरी थापायला सवड नसते, म्हणून चहा. फडात पुन्हा चहा. पोर रडले की पाच रुपयांचा बिस्किटपुडा, नाही तर हातात उसाचे कांडे. साखर तोंडात गेली की दातावरचे जिवाणू तिचे आम्ल करतात आणि त्यानंतर साधारण अर्धा तास ते आम्ल दाताचे कवच झिजवते. मग लाळ हळूहळू दुरुस्ती करते. पण दुरुस्ती व्हायच्या आत पुढचा चहा आला, तर दात दिवसभर आम्लातच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ ग्रॅमच्या आत असली तर आणखी चांगले. एक चमचा साखर साधारण ४ ग्रॅम. कपाला दोन चमचे धरून पाच कप चहा झाला की ४० ग्रॅम झाले, आणि बिस्किटे अजून मोजलेलीच नाहीत. गूळ घातला म्हणून दात सोडून देत नाही, हेही लक्षात ठेवा.

साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे दाताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. हे ज्ञान कुठून आले ते आपल्या तरुणांनी जरूर वाचावे. १९४५ नंतरच्या दशकात स्वीडनमधल्या लुंड इथल्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांवर प्रयोग झाले. त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या आणि त्यांचे दात किडू दिले. त्यांची संमती कुणी घेतली नाही. खर्चाला मिठाई उद्योगाचाही हातभार होता. त्यातून जगाला कळले की जेवणाच्या अधेमधे खाल्लेली चिकट साखर सर्वांत घातक. म्हणजे दंतवैद्यकाचा हा पायाच ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांच्या तोंडात घातला गेला. ते ज्ञान आज सगळ्या जगाच्या कामाला येते. आमच्या कोपीपर्यंत मात्र साखर पोचली, ज्ञान पोचले नाही.

दाढा गेल्या की काय होते? भाकरी चावत नाही, हरभरा, शेंगदाणे चावत नाहीत, मटणाचा तुकडा चावत नाही. मग माणूस भाकरी चहात बुडवून खातो, बिस्किटावर भागवतो. प्रथिने कमी होतात, साखर वाढते, आणि उरलेले दातही त्याच वाटेने जातात. पोट भरलेले दिसते, पण अंगात रक्त नसते.

आता घरचे सांगतो. माझी आई आयुष्यभर उसाच्या खुरपणीला गेली. तिची दाढ काढली त्या दवाखान्यात खुर्चीवर बसवण्याआधी कुणी एक प्रश्न विचारला नाही. तिची शुगर वाढलेली होती, तिलाही ठाऊक नव्हते. जखम तीन आठवडे भरली नाही, गाल सुजला, ताप आला. तेव्हा कुठे रक्त तपासले आणि मधुमेह निघाला. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात, ही वैद्यकात मान्य झालेली गोष्ट आहे. स्वतः बाबासाहेबांनी शेवटची कितीतरी वर्षे मधुमेहाशी झुंजत लिखाण केले. शुगर, बीपी, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण, औषधाची अ‍ॅलर्जी, एवढे सहा प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांवर कधी कधी जीव अवलंबून असतो.

प्रश्न न विचारण्यामागे कायम घाईच असते का? आपल्याला इतिहास विसरता येत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे, जी १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आली होती. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. शेवटी आला तो तिला वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाकडे दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच मार्गाने तो परत गेला. ती बाई वाचली नाही. पेशवाईत थुंकीसाठी गळ्यात गाडगे बांधायला लावल्याचे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. आमचे तोंड, आमची लाळ हा या समाजात शेकडो वर्षे विटाळ होता. म्हणून आज कुणी आमच्या तोंडात नीट पाहून, वेळ देऊन दात भरतो, ही साधी गोष्ट नाही. तो माणूसपणाचा हक्क आहे.

इथे एका व्यक्तीकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या बाजूला उभी असलेली मुलगी. बारामती, इंदापूर, नीरा, कुठल्याही छोट्या दवाखान्यात जा. ती बहुधा आपल्या किंवा आपल्यासारख्याच वस्तीतली बारावी झालेली पोरगी असते. ती लाळ ओढणारी नळी धरते, सिमेंट कालवते, रक्ताचे बोळे उचलते, हत्यारे धुते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डॉक्टरबरोबर हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांची नोंदणी केली, पण या मुलीला त्यात जागा नव्हती. २०२३ मध्ये त्याजागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा आला, तरी तालुक्याच्या गावात ती आजही 'कामाला असलेली पोरगी'च आहे. तिला हेपटायटिस-बीचे तीन डोस दिलेत का, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये कशी निर्जंतुक करायची हे कुणी शिकवले का, कोण विचारतो? रक्त-थुंकी पुसण्याचे काम आमच्याकडे आणि कौशल्य दुसऱ्याकडे, ही विभागणी कुठे पाहिल्यासारखी वाटते ना?

हीच मुलगी शिकवून तयार केली तर काय होऊ शकते? न्यूझीलंडने १९२१ पासून तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळांमध्ये दंतपरिचारिका नेमल्या. त्या मुलांचे दात स्वतः भरत. टांझानियात १९८० च्या दशकात अशी पद्धत पुढे आली की वीज नको, ड्रिल नको. हातातल्या हत्याराने कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट दाबून भरायचे. बऱ्याचदा सुईही लागत नाही, आणि काम एका बैठकीत होते. १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाला जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइडची टूथपेस्ट तिच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. प्रत्येक दात असा वाचणार नाही, कीड नसेपर्यंत पोचली तर रूट कॅनॉलच लागेल. पण वेळेवर पाहिले तर पुष्कळ दाढा कोपीच्या दारात, एकही खाडा न पडता भरता येतील. म्हणजे अडचण तंत्राची नाही. अडचण ही आहे की हे तंत्र आमच्यासाठी वापरावे असे कुणाला वाटत नाही.

सरकार काय करते? तोंडाचा कॅन्सर झाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते. चांगलेच आहे. पण ही योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांची आहे. किडलेली दाढ भरायला कुणी भरती होत नाही, म्हणून ती योजनेबाहेर. बाबासाहेब मजूर मंत्री असताना, १९४४ मध्ये अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचे नाव स्पष्ट आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना बाहेरच ठेवले. ऊस तोडणारा तर कारखान्याचा कामगारच धरला जात नाही, त्याचा व्यवहार मुकादमाशी. साखर त्याच्या कोयत्याशिवाय होत नाही, पण साखरेच्या कायद्यात तो नाही.

काही जण म्हणतील, अत्याचार होत आहेत, आरक्षणावर घाला येतो आहे, आणि तुम्ही दातांचे काय घेऊन बसलात? त्यांना एवढेच विचारतो, ठणकत्या दाढेने रात्रभर जागलेले पोर सकाळी साखरशाळेत काय शिकणार? दुसरे म्हणतील, तुमच्या बायका मिश्री लावतात, त्याचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर आपणच द्यायला हवे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती ठणका दाबते, भूक मारते, म्हणून तिची सवय लागते. पण तीच हिरड्या खाते आणि कॅन्सरकडे नेते. आपण विहारात पंचशील म्हणतो, पाचवे शील म्हणतो, आणि बाहेर येऊन गायछाप मळतो. हे थांबवायला कुठल्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही.

म्हणून सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या पट्ट्यातल्या तरुणांनी येत्या हंगामात पुढील मागण्या घेऊन उभे राहावे.

१. गाळपाच्या काळात प्रत्येक कारखान्याच्या कोप्यांवर दात भरणारे फिरते पथक असावे. दात काढणारे नव्हे, भरणारे.

२. उपचाराच्या दिवसाचा खाडा धरू नये. हे करारात लिहून घ्यावे.

३. खुर्चीवर बसवण्याआधी शुगर, बीपी तपासावे आणि ते सहा प्रश्न विचारावेत.

४. दवाखान्यात काम करणाऱ्या मुलींना मान्यताप्राप्त प्रशिक्षण, लसीकरण आणि किमान वेतन मिळावे. आपल्या मुलींनी या शिक्षणाकडे हक्काने जावे.

५. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण जी शिबिरे घेतो, त्यांच्या बातमीत 'इतके दात काढले' असे छापणे बंद करावे. किती दात वाचवले ते छापावे.

शेवटची मागणी आपल्याकडूनच आहे, तिथूनच सुरुवात करू. यंदा कोप्या पडल्या की त्या ताईकडे पुन्हा जायचे आहे. तिच्या गेलेल्या दाढा आता परत येणार नाहीत. पण तिच्याजवळ आठ वर्षांची मुलगी बसली होती, हातात उसाचे कांडे घेऊन. तिची पहिली पक्की दाढ नुकतीच आली आहे. ती दाढ भरायची की उपटायची, हे मुकादमाच्या वहीवर सोडायचे का, एवढेच आपण ठरवायचे आहे.

जय भीम! जय संविधान!